जित्याची खोड, १८०० शब्दांत

व्यवसाय व्यवस्थापनाचे संशोधनाधारित भाष्य म्हणजे सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने पन्नाशीतल्या धंदेवाल्याला त्याचाच धंदा समजावून सांगण्याची लेखी परीक्षा. धंदेवाल्याने ते वाचलेच पाहिजे अशी अट नाही आणि तो वाचतही नाही, त्यामुळे दोघांचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहतात. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या मंडळाच्या, म्हणजे पालकांच्या बोलीत ‘आयबी’च्या, अभ्यासक्रमात हे भाष्य २५ गुणांचे असते. एक खरा उद्योग घ्यायचा, त्याच्यापुढचा एक खरा प्रश्न पकडायचा, तीन ते पाच आधारपत्रे जमवायची, पुस्तकातली साधने त्या प्रश्नाला लावायची आणि १८०० शब्दांत उत्तर द्यायचे. या कामासाठी शाळेचे वीस तास धरलेले आहेत. उरलेले तास आईवडिलांच्या खात्यावर पडतात.

हीच वस्तू राज्य मंडळाच्या बारावी वाणिज्य शाखेत २० गुणांच्या वेष्टनात मिळते. ८० गुण लेखी परीक्षेचे, बाकीच्यांसाठी प्रकल्प आणि तोंडी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गातही ‘फील्ड प्रोजेक्ट’ या नावाने ती आली आहे. वेष्टन बदलले तरी आतला प्रसंग एकच असतो: हातात वही घेतलेला एक मुलगा किंवा मुलगी कुणाच्या तरी दुकानाच्या दारात उभी राहते आणि आतला माणूस विचारतो, “वर्गणी का?”

विषयाची निवड ही पहिली पायरी. बहुतेकांची पहिली उडी अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन नाहीतर टाटांवर पडते. या कंपन्यांची माहिती भरपूर मिळते, हाच त्यांचा दोष. जी माहिती साऱ्या जगाला मिळते तिच्यावर साऱ्या जगातले विद्यार्थी भाष्य करतात आणि परीक्षकाला एकच इलेक्ट्रिक मोटार चाळीस वेळा विकत घेतल्यासारखे वाटते. मग शिक्षक सांगतात की उद्योग लहान असावा, जवळचा असावा, मालकाशी बोलता यावे. पनवेल, खारघर, नेरूळ या बाजूच्या घरांत या सल्ल्याचा अर्थ पुष्कळदा एकच निघतो: पेणचा गणपती.

पेणचा म्हणून जो गणपती मुंबईत येतो तो सगळाच पेण शहरात घडत नाही. तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी कारखाने आहेत. कारखाना हा इथला नेहमीचा शब्द. बाहेरचा माणूस ‘स्टुडिओ’ किंवा ‘आर्ट वर्कशॉप’ म्हणाला की समोरचा माणूस इकडेतिकडे बघतो. जिते याच पट्ट्याच्या शेजारी, पनवेल–रोहा लोहमार्गावर, आपटा आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये आहे. दिवा–रोहा मेमू इथे थांबते. तिच्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे संशोधनाचा कालावधी किती असावा हे पद्धतिशास्त्रापेक्षा परतीच्या गाडीवर ठरते. गाडी शेवटपर्यंत गेली तर रोहे येते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे कुटुंब तिथले. अर्थशास्त्राची मोठी माणसे शेवटच्या स्थानकावरची, भाष्य लिहिणारे अलीकडेच उतरतात.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण आहे. तिचा या गावाशी काही संबंध नाही, भाष्याशी मात्र आहे. भाष्याची जिती खोड म्हणजे साचा. आदल्या वर्षीच्या एखाद्या ताईचे भाष्य मिळवायचे, कंपनीचे नाव बदलायचे, प्रश्न तोच ठेवायचा. साच्यातून मूर्ती काढणाऱ्या गावात साच्यातले भाष्य घेऊन जाणे तसे धाडसाचेच. साच्याची शिवण कुठे राहते हे तिथल्या माणसाला लांबूनही दिसते.

दुसरी पायरी प्रश्नाची. ‘पेणच्या गणपती उद्योगाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ते मुखपृष्ठ झाले. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतपत’ असे देता यावे. उदाहरणार्थ, ‘शाडूच्या मूर्तींकडे पूर्णपणे वळणे या कारखान्याला परवडेल का?’ त्यातच बदल, सर्जनशीलता, नैतिकता आणि शाश्वतता या चार संकल्पनांपैकी एक धरून सगळे भाष्य तिच्या डोळ्यांनी पाहायचे असते. या एका संकल्पनेला ५ गुण आहेत. गणपती हा विषय चारही संकल्पनांत बसतो आणि इथेच विद्यार्थी फसतो. मूर्ती घडवणे सर्जनशील, पाण्यात विरघळणे शाश्वत, देवाचा व्यापार करावा का हे नैतिक, आणि बदल तर चालूच आहे. मग पहिल्याच पानावर चारही मोदक एकदम तोंडात घातले जातात.

एकच निवडायची तर या धंद्यात ‘बदल’ सर्वांत सोपा, कारण तो आपण होऊन घरी येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना नकार दिला आणि लगेच एक वर्षाची मुभा दिली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सूचना काटेकोर पाळायला सांगितल्या. ९ जून २०२५ ला प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही या अटीवर. १० जुलैला राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. २४ जुलैला न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितले. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे फेब्रुवारीत ज्याने ‘कारखाना बंद पडेल का?’ असा प्रश्न घेतला, त्याला जूनमध्ये ‘कारखाना चालू का आहे?’ असा करावा लागला. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला बाह्य पर्यावरण म्हणतात. कारखान्यात त्याला ‘यंदा काय म्हणतायत?’ असे म्हणतात.

आधारपत्रांचे नियम कडक आहेत. ती सादर करण्याच्या आधीच्या तीन वर्षांतलीच असावीत आणि त्यांत एकापेक्षा जास्त बाजू दिसाव्यात. भाष्याची भाषा सोडून दुसऱ्या भाषेत असतील तर कामाच्या भागाचे भाषांतर जोडायचे. न्यायालयाची बातमी, मंडळाची सूचना, एखादी मुलाखत ही सहज जमतात. पंचाईत कारखान्याच्या वहीची होते. तिच्यात ‘विसार १०००, बाकी नंतर’ अशी नोंद असते. ‘विसार’चे इंग्रजी एका शब्दात होते. ‘बाकी नंतर’ हा मात्र संपूर्ण करार आहे. त्यात ओळख आहे, गेल्या वर्षीचा अनुभव आहे, गिऱ्हाइकाच्या वडिलांचा स्वभाव आहे. विद्यार्थी त्याचे ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’ करतो आणि पुढच्या ओळीला जातो. काही घरी बुकिंगची पावतीही नसते. गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आणून ठेवते, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटते, झाले. पाट हे आधारपत्र म्हणून स्कॅन करता येत नाही.

मुलाखत ही संशोधनाची चौथी पायरी आणि सर्वांत उपयोगी. तिची वेळ मात्र विद्यार्थी चुकीची निवडतो. शाळेला सुट्टी असते तेव्हा कारखान्याला नसते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला कारखानदार भेटतो तो आखणी करताना. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. बाकीचे अंग साच्यातून येते, धोतर आणि पितांबर कॉम्प्रेसरच्या फवाऱ्याने रंगते, पण डोळे हातानेच काढायचे. पापणीची रेघ एका दमात गेली पाहिजे. मध्ये थांबली तर देवाला झोप आल्यासारखी दिसते. अशा वेळी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून “काका, तुमचे मिशन स्टेटमेंट काय?” असे विचारले जाते. काका रेघ पुरी होईपर्यंत श्वाससुद्धा सोडत नाहीत. मग ब्रश पाण्यात बुडवून म्हणतात, “आधी चहा घे, बाळा.” नोंदवहीत हे उत्तर म्हणून धरायला हरकत नसावी. गिऱ्हाईक सांभाळण्याचे धोरण त्यात पूर्ण आले आहे.

“कामगार किती?” या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीने ऐकावे लागते. उत्तर येते, “चार.” विद्यार्थी मान वर करून पाहतो तर शेडमध्ये अकरा माणसे काम करताना दिसतात. एक बाई सॅंडपेपर घासते आहे, एक आजी मुकुटाला खडे चिकटवते आहे, एक मुलगा क्लासला जाता जाता दोन उंदरांना रंग देऊन जातो. “हे?” “हे घरचे.” घरचे म्हणजे पगार नाही, हजेरी नाही, सुट्टीही नाही. खर्चाच्या तक्त्यात चौघांची मजुरी चढते आणि नफा असा उजळतो की विद्यार्थ्याला आयबी सोडून तिथेच राहावेसे वाटते. संधित्याग खर्च नावाची जी कल्पना पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेली असते, ती इथे सात माणसांच्या रूपाने समोर बसलेली असते. ज्याच्या ती लक्षात येते त्याचे भाष्य तिथून पुढे खरे होते. ज्याच्या येत नाही त्याला निदान चहा मिळालेला असतो.

आता साधने. यांत स्वॉट सर्वांचे लाडके. त्याचे मराठीकरण बलस्थाने, दुर्बलता, संधी आणि धोके असे होते आणि आद्याक्षरे घेतली तर ‘बदुसंधो’. हे नाव एखाद्या आयुर्वेदिक चूर्णासारखे वाटते आणि वापरही तसाच होतो, म्हणजे कोणत्याही विकारावर, जेवणाआधी. बलस्थानात ‘पेणचे नाव’, दुर्बलतेत ‘हंगामी धंदा’, संधीत ‘परदेशी बाजार’ हे ठरलेले. परदेशी बाजार खरा आहे. अमेरिका-इंग्लंडकडे जाणारे गणपती जहाजाने जातात, म्हणून त्यांना उन्हाळ्यातच निघावे लागते. इथल्या माणसाच्या डोक्यात आंबे असतात तेव्हा तिकडचा गणपती कंटेनरमध्ये बसलेला असतो. धोक्याच्या चौकोनात मुंबई–गोवा महामार्ग हमखास येतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. तेव्हा जन्मलेली मुले आता भाष्य लिहिण्याच्या वयाला टेकली आहेत. त्यामुळे हा धोका त्यांना परंपरा वाटतो.

इगोर अ‍ॅन्सॉफ यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कोष्टकात वाढीच्या चार वाटा आहेत: जुना माल जुन्या बाजारात जास्त खपवणे, जुना माल नव्या बाजारात नेणे, नवा माल जुन्या बाजारात आणणे आणि दोन्ही नवे. विद्यार्थी शेवटच्या पानावर कारखानदाराला सुचवतो की गणपतीनंतर नवरात्राच्या देवी कराव्यात. काही कारखान्यांत त्या तो सुचवत असताना मागे वाळत असतात.

ब्रूस हेंडरसन यांच्या बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७० मध्ये आणलेल्या कोष्टकात मात्र खरा पेच आहे. ज्या वस्तूचा बाजारातला वाटाही कमी आणि बाजारही वाढत नाही, तिला ‘कुत्रा’ या चौकोनात टाकायचे असते. न खपलेल्या सहा इंची मूर्तीला तिथे नेताना विद्यार्थ्याचा हात थांबतो. घरात आजी असेल तर थांबलाच पाहिजे. दुभती गाय, तारा, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा असे चारच चौकोन आहेत. उंदराची सोय हेंडरसन यांनी केलेली नाही.

उत्पादनाचे जीवनचक्र या साधनाची अडचण वेगळी. आगमन, वाढ, परिपक्वता आणि ऱ्हास या चार अवस्था पुस्तकात कित्येक वर्षांत पसरलेल्या असतात. इथे कुणाकडे त्या दीड दिवसात आटोपतात, कुणाकडे दहा. ऱ्हास टाळण्यासाठी जाहिरात वाढवावी, असे पुस्तक सांगते. इथे ऱ्हास करायलाच ढोलताशे लागतात आणि गिऱ्हाईक स्वतःच पुढच्या वर्षीच्या मागणीची घोषणा रस्त्यावर मोठ्याने देते. एवढी पक्की पुनर्खरेदी कोणत्याही साबणाला लाभलेली नाही.

समविच्छेद बिंदूची आकडेमोड सोपी, नाव तेवढे भीतिदायक. समजा, कारखान्याचा स्थिर खर्च ३,००,००० रुपये, एका मूर्तीचा बदलता खर्च ६०० आणि विक्री ९०० रुपयांना. मग प्रत्येक मूर्ती ३०० रुपये मागे ठेवते आणि १००० मूर्ती विकल्यावर खर्च भागतो. विद्यार्थी आलेखावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे लाल ठिपका देतो. कारखानदाराला ठिपका दाखवला तर तो विचारतो, “हजारावी कुणाची?” हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. नऊशे मूर्ती रोखीने गेल्या आणि शंभर उधारीवर गेल्या तर ठिपका आलेखावर असतो, पेटीत नसतो.

या सगळ्या साधनांत एक उणीव अशी आहे की ती सूर्याच्या वर्षाने चालतात. गणपतीचा धंदा चंद्राच्या वर्षाने चालतो. ७ सप्टेंबर २०२४ च्या चतुर्थीपासून २७ ऑगस्ट २०२५ च्या चतुर्थीपर्यंत ३५४ दिवस झाले. तिथून १४ सप्टेंबर २०२६ पर्यंत ३८३ होतात, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. कारखान्याचे एक वर्ष दुसऱ्यापेक्षा २९ दिवसांनी मोठे. मागचा हंगाम संपताच कुणी ५,००,००० रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले असतील तर त्या २९ दिवसांचे व्याज सुमारे ४,७६७ रुपये होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे असते तसेच हे बँकेला. रोख प्रवाहाच्या तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने आखणाऱ्याला हा महिना सापडत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तो छापलेला असतो, पण कालनिर्णय हे आधारपत्र असू शकते हे विद्यार्थ्याला सुचत नाही. परीक्षकाला ते समजावण्यात १८०० पैकी दोनशे शब्द जातील हे खरे, तरी ते दोनशे शब्द सगळ्या भाष्यात उत्तम ठरतील.

शाडूच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर कोष्टकात नसून शेडमध्ये असते. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी लागताच तो काही मिनिटांत घट्ट होतो, साचा मोकळा होतो आणि दुसऱ्या मूर्तीला लागतो. शाडू गुजरातेतून येते, वजनाला जड, वाळायला कितीतरी दिवस घेते, पावसाळी हवेत आणखी घेते आणि प्रवासात तडकते. त्यामुळे शाडूने महाग होते ती माती नव्हे, जागा. ज्या फळीवरून प्लास्टरच्या मूर्ती भराभर पुढे सरकतात, ती फळी शाडूची एक मूर्ती अडवून बसते. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणी समजावली. दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करत. टाचणी वाळावी लागत नाही, म्हणून त्यांचे काम सोपे झाले.

हितसंबंधी घटकांचे विश्लेषण मात्र या तालुक्यात कुणाला शिकवावे लागत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने मतदानच घेतले होते. विद्यार्थी भागधारक, ग्राहक, पुरवठादार अशी वर्तुळे काढत असतो तेव्हा समोरच्या माणसाने त्यातल्या एका वर्तुळात बसून शिक्का मारलेला असू शकतो.

लेखनाच्या बाबतीत नियम थोडेच आहेत. शिक्षकाने एकाच मसुद्यावर अभिप्राय द्यायचा असतो, त्यामुळे पहिला मसुदा हा खरे तर दुसरा असावा. रचनेला २ गुण आणि मांडणीला २. म्हणजे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक नीट घातले तर अर्थशास्त्राशी संबंध न येता थोडी कमाई होते. निवडलेल्या साधनांना ४, विश्लेषणाला ५. सहा साधने वरवर लावण्यापेक्षा दोनच खोलवर लावावीत, कारण बाकीचे अंग साच्यातून आले तरी चालते, आखणी मात्र स्वतःच्या हाताची लागते. ‘अशा प्रकारे आपण पाहिले की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या परिच्छेदात पाहिलेले काही नसते, हेही परीक्षकांना ठाऊक आहे.

निष्कर्षाला ३ गुण आहेत. त्यात मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते आणि नवी माहिती आणायची नसते. ‘अंशतः शाडू, अंशतः प्लास्टर’ हे उत्तर दुबळे वाटते, पण फळ्या मोजून दिले असेल तर ते पुरते. आधारपत्रे आणि संदर्भसूची शब्दसंख्येत धरली जात नाहीत, निष्कर्ष धरला जातो. मर्यादेपुढचा मजकूर गुणांसाठी तपासला जात नाही. निष्कर्ष १८०१ व्या शब्दापासून सुरू झाला तर तो जित्याच्या कारखानदाराला वाचून दाखवता येतो, चतुर्थी उलटल्यावर.